पार्किंगवरची इमारत: कार्बन फायबर, जॅकेटिंग की भिंत?

खाली पार्किंग, वर चार मजले. कोल्हापुरात ताराबाई पार्कापासून राजारामपुरीपर्यंत असे अपार्टमेंट जागोजागी दिसतील. वरचे मजले विटांच्या भिंतींमुळे ताठ, खाली नुसते कॉलम. भूकंपात सगळा हिसका त्या कॉलमवर येतो. २००१ साली भुजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत अशाच इमारती बसल्या. आपल्यापासून कोयनानगर तर शंभर किलोमीटरच्या आतच आहे.

अशी इमारत मजबूत करायची म्हटलं की ठेकेदार सहसा आधी कार्बन फायबर सुचवतात. कॉलमभोवती त्याचं कापड इपॉक्सीने चिकटवायचं; धूळ कमी, जागा जात नाही, काम लवकर उरकतं. उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा लांब लांब बांधलेल्या जुन्या कॉलमला त्याने आवळ मिळते, हे खरं. पण कॉलमचा ताठपणा फारसा वाढत नाही, म्हणजे पार्किंगचा मूळ दोष तसाच राहतो. शिवाय इपॉक्सी आगीत टिकत नाही, आणि आत सळी गंजत असेल तर वरून गुंडाळून काही साधत नाही.

जॅकेटिंग म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर; त्याने ताकद आणि ताठपणा दोन्ही वाढतात. आयएस १५९८८ या भारतीय मानकाप्रमाणे नवं काँक्रीट किमान १०० मिमी जाडीचं हवं. म्हणजे ९ इंची कॉलम सुमारे १७ इंची होतो, आणि गाडीचं दार उघडताना ते जाणवतं. कस कामात लागतो: गिलावा काढून जुना पृष्ठभाग टोचायचा, नव्या सळया पायात आणि स्लॅब भेदून वरही नीट गुंतवायच्या. त्या स्लॅबखालीच तोडल्या तर खर्च झाला, जोड मात्र कच्चाच राहिला.

माझा कल भिंतीकडे आहे. दोन्ही दिशांना, समोरासमोर, मोजक्या काँक्रीटच्या भिंती घातल्या की हिसका त्या घेतात आणि प्रत्येक कॉलम फोडावा लागत नाही. फार कमजोर निघतील तेवढ्यांनाच जॅकेट. एकाच कोपऱ्यात घातल्या तर मात्र इमारत पिळवटते. पाया वेगळा लागतो, खोदाई आली. लोखंडी ब्रेसिंग, म्हणजे कॉलमांमधले तिरके आधार, हलकं आणि झटपट होतं, पण २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या पार्किंगात पुराचं पाणी होतं त्यांनी गंजाचा विचार आधी करावा.

कुठलाही पर्याय स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हिशेबाशिवाय घेऊ नका. आराखडा नसेल तर कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढून काँक्रीट आणि स्कॅन करून सळया तपासून घ्या. आणि भिंतीपायी कुणाची गाडी बाहेर जाणार, ते टेंडर काढण्याआधी सभेत लेखी ठरवा.