चिकित्सक प्रतिसाद लिहायचाय: मूळ शोधनिबंध घ्यावा की पाठ्यपुस्तकातला सारांश?

मानसशास्त्राच्या वर्गासाठी असा प्रतिसाद, म्हणजे एखाद्या प्रयोगाची चिकित्सा करणारा लेख, लिहिताना हा पेच हमखास पडतो. मी दोन्हींवर लिहून पाहिलं आहे.

पाठ्यपुस्तकाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. संज्ञा स्पष्ट असतात, प्रयोगामागचा सिद्धांत कळतो, आणि मुदत उद्यावर आली असेल तर तेच परवडतं. पण एक गोष्ट मला सतत खटकायची. प्रयोगातल्या अडचणी आणि तडजोडी सारांशात गाळलेल्या असतात, वर मर्यादाही लेखकानेच शेवटी लिहून ठेवलेल्या असतात. मग आपण काय लिहायचं? ‘नमुना लहान होता’, ‘नैतिकतेचा प्रश्न उरतो’. ही वाक्यं कितीतरी जुन्या प्रयोगांना जशीच्या तशी लागू पडतात.

मानसशास्त्रज्ञ वॉटसन आणि रेनर यांचा ‘लिटल अल्बर्ट’ प्रयोगच घ्या. उंदीर दिसला की मोठा आवाज करून त्यांनी अल्बर्ट नावाच्या बाळाला उंदराची भीती बसवली. सारांशात पांढरा उंदीर असतो, पोलादी सळईवर हातोडा आपटल्याचा आवाज असतो आणि घाबरलेलं बाळ असतं. १९२० सालच्या मूळ निबंधात मात्र अंगठाही आहे. अल्बर्टने अंगठा तोंडात घातला की त्याची भीती दिसेनाशी व्हायची. चित्रीकरणाच्या वेळी अपेक्षित प्रतिक्रिया मिळावी म्हणून संशोधकांना तो पुन्हा पुन्हा तोंडातून काढावा लागला. हे त्यांनी स्वतःच नोंदवलंय! अंगठ्याने शमणारी भीती कितपत पक्की म्हणायची? आणि अंगठा काढून घेतल्याची चिडचिड उंदराच्या नावावर जमा झाली नसेल कशावरून? माझा अख्खा प्रतिसाद या तपशिलावर उभा राहिला.

शिवाय सारांश चुकतातही. बाळाची भीती नंतर घालवली गेली, असं काही पुस्तकांनी छापलं होतं. मानसशास्त्रज्ञ बेन हॅरिस यांनी १९७९ मध्ये अशा चुका दाखवून दिल्या. मूळ निबंध सांगतो की भीती घालवण्याआधीच बाळाला रुग्णालयातून नेण्यात आलं.

सगळेच निबंध इतके वाचनीय नसतात, हे खरं. संख्याशास्त्राचा भडिमार असेल तर पाठ्यपुस्तकाचा आधार घ्यावाच लागतो, आणि कुणाला तोच मार्ग बरा वाटला तर माझी हरकत नाही. तरी जमल्यास पुस्तकातून प्रयोग समजून घ्या आणि प्रतिसाद मूळ निबंधावर लिहा. वेळ कमी असेल तर निदान पद्धतीचा भाग तरी ओळीने वाचा. अल्बर्टचा निबंध तर जेमतेम १४ पानांचा आहे.