लो शुगरसाठी ग्लुकोज पावडर: साधा पुडाच का घ्यावा

मेडिकलमध्ये "ग्लुकोज द्या" म्हटलं की बहुतेक वेळा संत्र्याच्या किंवा लिंबाच्या चवीचा पुडा पुढे येतो. उन्हातून दमून आलेल्या माणसाला तो चालेल. पण घरात कुणी इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर असेल आणि शुगर उतरली तर हाताशी असावा म्हणून पुडा घ्यायचा असेल, तर साधा, बिनचवीचाच मागून घ्या. ग्लुकॉन-डीचा साधा पुडा जवळपास सगळा ग्लुकोजच असतो. चवीच्या पुड्यांत बहुतेकदा ग्लुकोजच्या जोडीला साखर असते. पुडा उलटा करून घटकांची यादी वाचा. ज्याचं प्रमाण सर्वांत जास्त त्याचं नाव आधी, हा छापण्याचा नियमच आहे. पहिलं नाव साखर किंवा सुक्रोज दिसलं तर तो पुडा या कामाचा नाही.

का नाही, ते सांगतो. ग्लुकोज पचवावं लागत नाही, आतड्यातून सरळ रक्तात जातं. साखरेचे आधी दोन तुकडे व्हावे लागतात, एक ग्लुकोजचा आणि एक फ्रुक्टोजचा. त्यातला फ्रुक्टोजचा वाटा यकृताकडे जातो आणि रक्तातली शुगर लगेच वाढवायला फारसा कामी येत नाही. तरीही एरवी साखर चालते. चालत नाही ती व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही डायबेटिसची औषधं घेणाऱ्यांना. ही औषधं आतड्यात साखर तोडणारं एन्झाइमच अडवतात, म्हणून चार चमचे साखर पोटात जाऊनही मीटर लवकर हलत नाही. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकाच गोळीत घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्या गोळीत व्होग्लिबोज आहे हे घरच्यांना अनेकदा माहीतच नसतं. आज गोळ्यांची पट्टी काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ही एक गोष्ट कराच.

आता मात्रा. मोठ्या माणसाची शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. मुलांना वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ६ ग्रॅम. डेक्स्ट्रोज हे ग्लुकोजचंच दुसरं नाव; पुड्यावर डेक्स्ट्रोज मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर त्यात साधारण ९ टक्के पाणी धरलेलं असतं, म्हणून मोठ्यांसाठी १७ ग्रॅम मोजा.

घोळ होतो तो चमच्यात. पावडर हलकी, फुसफुशीत. चहाचा सपाट चमचा भरला तर जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅम येते, पोह्याच्या चमच्याने शिगोशीग घेतली तर कितीतरी जास्त. हात थरथरताहेत, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, अशा वेळी कुणाचाच अंदाज बरोबर येत नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर १७-१७ ग्रॅमच्या पुड्या आधीच बांधून ठेवा. १०० ग्रॅममध्ये पाच होतात आणि थोडी उरते. अर्ध्या कप कोमट पाण्यात ती लवकर विरघळते, गार पाण्यात तळाशी बसते. पाणी नसेल तर थोडी थोडी तोंडात टाकून चघळली तरी चालते. जिभेवर ती गारगार लागते, तो ग्लुकोजचा गुण आहे. तोंड भरून कोरडी टाकू नका, ठसका लागतो.

पुन्हा तपासण्याआधी बोट साबणाने धुऊन पुसा. पावडरचा कण बोटावर राहिला तर मीटर खोटा मोठा आकडा दाखवतं आणि शुगर वर आली असं वाटून आपण थांबतो. दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर असेल तरी या वेळी बोटाचीच तपासणी खरी धरा. सेन्सर काही मिनिटं मागे चालतो.

बाकीचे पर्याय थोडक्यात. ग्लुकोजच्या चघळायच्या गोळ्या सर्वांत सोयीच्या, बहुतेक ४ ग्रॅमच्या, त्यामुळे चार घ्यायच्या. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात त्या सहज मिळत नाहीत, ही एकच अडचण. साधं कोल्ड्रिंक साधारण १५० मिली पुरतं, मात्र बाटलीवर डाएट किंवा झिरो नाही ना ते बघा, आणि व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी त्यावर विसंबू नका, त्यातही साखरच असते. लिमलेटच्या गोळ्या चोखण्यात वेळ जातो. पेढा, बर्फी, चॉकलेट यांतला स्निग्धांश शोषण लांबवतो. ग्लुकोज बिस्किटांत मुख्य भाग मैद्याचा, ती नंतर खायची. ओआरएसबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. प्रमाणित ओआरएसच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज १३.५ ग्रॅम, म्हणजे २०० मिलीच्या पेल्यात तीन ग्रॅमसुद्धा नाही.

शुगर वर आली आणि जेवायला तासाभराहून जास्त वेळ असेल तर अर्धी भाकरी किंवा एक पोळी खायला द्या. गोळ्यांमुळे शुगर उतरली असेल, त्यातून माणूस वयस्कर किंवा किडनी कमजोर असेल, तर काही तासांनी ती पुन्हा उतरू शकते. एकदा बरं वाटलं म्हणून झोपू देऊ नका, तपासत राहा आणि डॉक्टरांना कळवा. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

पावसाळ्यात, कोकणात तर विशेष, उघडा पुडा ओल धरून दगडासारखा होतो. बांधलेल्या पुड्या झिपच्या पिशवीत ठेवा: एक उशाशी, एक पर्समध्ये, एक गाडीत. पिशवीवर "१७ ग्रॅम, अर्धा कप पाणी" असं मोठ्या अक्षरांत लिहा, कारण ती उघडणारा कदाचित शेजारी असेल.