गाडीतली १ किलोची अग्निशामक बाटली: बाटली पास, ब्रॅकेट नापास

खासगी गाडीत अग्निशामक बाटली ठेवण्याची कायद्याने सक्ती नाही. त्यामुळे ती घेतली जाते बहुतेक वेळा घाटात कुणाची तरी गाडी जळताना पाहिल्यावर, घाईघाईत. मग ड्रायव्हरच्या सीटखाली ढकलून दिली की विषय संपला. हे परीक्षण आहे दुकानात आणि ऑनलाइन सहज मिळणाऱ्या १ किलोच्या एबीसी पावडर बाटलीचं (एबीसी म्हणजे घन पदार्थ, तेल-पेट्रोल आणि वायू या तिन्ही प्रकारच्या आगींवर चालणारी), खोक्यात सोबत येणाऱ्या ब्रॅकेटसकट. निकाल आधीच सांगतो: बाटली जरूर घ्या. ब्रॅकेट मात्र गाडीत लावायच्या लायकीचं नाही, कोकणात तर नाहीच नाही.

आपल्याकडे गाडी पेटायची काही कारणं खास आपली आहेत. पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत बॉनेटखाली शिरतात आणि वायरींचं आवरण कुरतडतात. आंबा-फणसाखाली गाडी उभी राहिली की वायपरखालच्या जाळीत पाला साचतो, आणि उंदीर तोच ओढून इंजिनाच्या सांदीत घरटं करतात. त्यात फ्यूज न टाकता ओढलेली फॉग लाइटची किंवा हॉर्नची वायर असेल तर ठिणगीला आणखी काही लागत नाही. अशी आग सुरुवातीचं मिनिटभर वायरी आणि प्लॅस्टिकपुरतीच असते. तेवढ्यात हाताशी आलेली १ किलो पावडर पुरते. कशेडी किंवा कुंभार्ली घाटात बंब येईपर्यंत थांबलात, तर पाच किलोनेही काही साधत नाही.

आता बाटलीच एबीसीची आणि किलोचीच का? स्प्रेच्या डब्यासारखे मिळणारे छोटे कॅन पुन्हा भरता येत नाहीत. त्यांना प्रेशर दाखवणारा काटा नसतो, त्यामुळे आत दाब उरलाय की नाही हे वापरल्याशिवाय कळत नाही. अर्धा किलोची बाटली सीटखाली छान बसते, पण काही सेकंदांतच संपते आणि पहिला फवारा हुकला की दुसरा उरत नाही. २ किलोची उत्तम, फक्त हॅचबॅकमध्ये तिला धड जागा मिळत नाही. सात सीटच्या गाडीत मात्र तीच घ्या. कार्बन डायॉक्साइडची बाटली गाडीत नकोच. हा वायू ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहत नाही आणि बंद गाडीतल्या उन्हात त्याचा दाब झपाट्याने चढतो, शिवाय काचा बंद असताना तो सुटला तर आतला माणूस गुदमरेल. क्लीन एजंट वायूची बाटली घाण करत नाही, पण किंमत पाहून बहुतेक जण हात मागे घेतात.

पावडरच्या बाटलीत नायट्रोजनचा दाब साधारण १५ बार असतो. उन्हात गाडी ६० अंशांपर्यंत तापली तरी तो १७ बारच्या जवळपास जातो, म्हणजे नळकांड्याला त्याचं काही वाटत नाही. त्रास होतो तो व्हॉल्व्हच्या रबरी सीलला आणि प्लॅस्टिकच्या भागांना. म्हणून डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखालच्या फळीवर बाटली ठेवू नये. लेबलवर वापराचं तापमान छापलेलं असतं, ते वाचून घ्या. काटा पाहायचा तो सकाळी, गाडी थंड असताना. दुपारी तापलेल्या गाडीत काटा हिरव्यात दिसला म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही.

दुकानात लेबल नीट वाचा. आयएसआयचं चिन्ह, त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक आणि चिन्हाच्या वर आयएस १५६८३ हा मानक क्रमांक असायला हवा. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव समोर येतं; ते लेबलवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. एमएपी ५० किंवा एमएपी ९० असंही छापलेलं असतं. पावडरीत मोनो अमोनियम फॉस्फेट किती टक्के आहे, ते हा आकडा सांगतो. ९० वाली थोडी महाग पडते, पण प्लॅस्टिक, सीटचं कापड, फोम अशा घन पदार्थांच्या आगीवर तिचा थर चांगला बसतो. नुसती बीसी पावडर, म्हणजे सोडा बायकार्बोनेट, तेलाच्या आगीवर चालते पण सीट पेटली की उपयोगाची नाही. शेवटी बाटली वाण्याच्या काट्यावर ठेवून लेबलवरच्या एकूण वजनाशी ताडून पाहा. यात दुकानदाराला राग यायचं कारण नाही.

किनाऱ्यावर वापरायची असेल तर आणखी एक गोष्ट बोटाने तपासा, ती म्हणजे सेफ्टी पिन. स्वस्त बाटल्यांत ही पिन साध्या लोखंडाची असते, वरून पातळ मुलामा. मालवण, गुहागर, हर्णैच्या खाऱ्या हवेत मुलामा उडतो, पिन दांड्याच्या भोकात गंजून घट्ट बसते आणि ऐन वेळी ओढली की कडी वाकते पण पिन हलत नाही. लोहचुंबक चिकटला तर समजा की साधं लोखंड आहे. शक्यतो स्टेनलेसची पिन असलेली बाटली मागा. महिन्याकाठी सील न तोडता पिन जागच्या जागी थोडी फिरवून पाहावी. फिरत नसेल तर बाटल्या भरून देणाऱ्याकडून पिन बदलून घ्यावी. घरी तेल सोडून ठोकाठोकी करू नये.

आता ब्रॅकेट. खोक्यात येतो तो पातळ पत्र्याचा हुक किंवा रबरी पट्टा लावलेला प्लॅस्टिकचा पाळणा. हुक भिंतीसाठी आहे, बाटली त्यावर नुसती टांगायची. पाळण्यात बाटली खड्ड्यांपुरती टिकते, तेही पट्टा नवा असेतो. उन्हाने तो वर्षा-दोन वर्षांत कडक होऊन तडकतो. भरलेली बाटली नळकांडं आणि व्हॉल्व्ह धरून २ किलोच्या आसपास भरते. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी आदळून थांबली आणि बाटली सुटली, तर तिचा मार सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून अंगावर पडल्याइतका असतो. अपघात न होताही धोका आहेच. घाटातल्या उतारावर जोरात ब्रेक दाबला की सीटखालची मोकळी बाटली घरंगळत पुढे येते आणि ब्रेकच्या पेडलखाली अडकते. बाटली मोकळी ठेवण्यापेक्षा नसलेली बरी.

जागेसाठी पहिली पसंती डाव्या बाजूच्या पुढच्या सीटसमोर, सीट ज्यावर सरकते त्या रुळाच्या पुढच्या दोन बोल्टांवर आडवी पट्टी टाकून. तिथे बाटली आडवी बसते, ड्रायव्हर आणि शेजारी बसलेला दोघांचाही हात पोचतो, आणि समजा निसटलीच तरी पेडलपर्यंत जात नाही. पट्टीची जाडी बोल्टच्या आट्यांतून वजा होते हे मेकॅनिक हमखास विसरतात. ३ मिमीची पट्टी घातली तर बोल्ट मूळच्यापेक्षा तितकाच जास्त लांब घ्यायचा, तोही डोक्यावर मूळ बोल्टचाच ग्रेड छापलेला, आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळायचा. हे सीटचे बोल्ट आहेत, माणूस त्यांच्यावर बसतो. सीटखाली पिवळ्या आवरणाचा किंवा पिवळ्या कनेक्टरचा वायरगुच्छ दिसला तर तो एअरबॅगचा असतो, त्याला धक्का लावू नका. सीट पुढे-मागे पूर्ण सरकवून बाटली कुठे घासत नाही ना, तेही पाहा.

ड्रायव्हरच्या सीटसमोर बाटली लावू नये. छताला आधार देणाऱ्या खांबांवर लावू नये, कारण तिथे पडदा एअरबॅग किंवा सीटबेल्टचं यंत्र असतं. डिकीचं म्हणाल, तर गणपतीला गावी जाताना तिच्यावर तांदळाची गोणी, नारळ आणि पिशव्यांचा डोंगर असतो; तो उपसेपर्यंत बाटलीची गरज संपलेली असेल. फ्लोअरला भोक पाडायचंच असेल तर आधी गाडी वर घेऊन खालून इंधनाची आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते पाहा. इलेक्ट्रिक गाडीच्या फ्लोअरला ड्रिल अजिबात नको, खाली बॅटरी असते. पाडलेल्या भोकाच्या कडेला प्रायमर आणि बोल्टभोवती पीयू सीलंट लावला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात कार्पेटखाली पाणी आणि गंज दोन्ही सुरू होतात.

ब्रॅकेट बनवून घेणं फार अवघड नाही. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, कुठलाही बरा फॅब्रिकेटर ते अर्ध्या दिवसात करून देतो. त्याला सांगायचं ते असं: ३ मिमी जाडीची बेसपट्टी, त्यावर ३०४ स्टेनलेसचे २५ मिमी रुंद दोन पट्टे, एक मानेखाली आणि एक तळाजवळ, प्रत्येकावर खटक्यासरशी उघडणारा धातूचा क्लॅम्प. पट्ट्याच्या आतून २ मिमी रबर. जोडायला एम ६ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले, सैल न होणारे) नट आणि खालून ३० मिमी रुंद वायसर. बारीक वायसर पातळ पत्र्यातून खेचला जाऊन बाहेर येतो. ॲल्युमिनियमची बेसपट्टी असेल तर बोल्टखाली नायलॉनचा वायसर द्यावा, नाहीतर खाऱ्या दमटपणात दोन धातूंच्या सांध्याला पांढरी भुकटी धरते आणि ॲल्युमिनियम खाऊन जातं. नट सैल होऊ नये म्हणून वेल्डिंगचा टाका मारायचा आग्रह काही जण धरतात. तो धुडकावून लावा, पुन्हा काढायची वेळ येणारच आहे.

बसवून झालं की दोन्ही हातांनी बाटली पुढच्या दिशेला जोरात ओढा. गाडी हलली पाहिजे, बाटली नाही. मग सीटबेल्ट लावून ड्रायव्हरच्या जागी बसा आणि डोळे मिटून डाव्या हाताने बाटली काढून बघा. पाच सेकंदांत हातात आली नाही तर क्लॅम्पची बाजू बदला.

काटा आणि पिन पाहण्याखेरीज पुढची देखभाल म्हणजे दर तीन महिन्यांनी बाटली ब्रॅकेटमधून बाहेर काढणे, एवढीच. पट्ट्याखाली ओल धरून रंग निघतो आणि नळकांड्यावर तपकिरी कडं उमटतं. बाहेरून बाटली लालचुटूक दिसते आणि आत पट्ट्याखाली पत्रा फुगलेला असतो. नुसता डाग असेल तर पुसून रंग लावा. नखाला खड्डा लागला तर बाटली बाद. तळाची कडाही पाहा, ओल्या चपलांचं पाणी मॅटवरून तिथे जातं. बाटली हातात आहेच तर दोन-तीनदा उलटी करून तळाला तळहाताने थोपटा, खडखडीत रस्त्याने आतली पावडर खाली दबून बसते.

वापरताना: गाडी कडेला, इंजिन बंद, सगळे खाली, मग ११२ किंवा १०१. बॉनेटखालून धूर असेल तर आतला खटका ओढून बॉनेट फक्त बोटभर सैल करा, पूर्ण उघडू नका; हवा मिळाली की आग उसळते. वारा पाठीशी घेऊन दीड-दोन मीटरवरून फटीतून मारा, जमलं तर चाकाच्या कमानीतूनही. बाटली उभीच धरा. आडवी धरली तर आतली नळी पावडर सोडून नुसता वायू ओढते. आग आत सीटपर्यंत किंवा मागे टाकीकडे गेली असेल तर बाटली सोडून लांब व्हा. सीएनजीची गळती पेटली असेल आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर ज्योत विझवू नये. न जळलेला वायू साठून पुन्हा भडका उडतो. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी धुमसत असेल तर पावडरीचा उपयोग नाही.

नंतर इंजिनवर लगेच पाणी मारू नका. ही पावडर ओली झाली की आम्लधर्मी होते आणि ॲल्युमिनियम, वायरींची टोकं खाते. आधी कॉम्प्रेसरच्या कोरड्या हवेने उडवा, ब्रशने झाडा, उरलेली ओल्या फडक्याने टिपा, बॅटरीचं टोक काढून ठेवा. आणि बाटली अर्धीच वापरली असली, किंवा ‘बघू तरी कशी चालते’ म्हणून नुसती एक पिचकारी मारली असली, तरी ती पुन्हा भरून घ्यावीच लागते. पावडरीचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीवर अडकतात आणि उरलेला दाब काही दिवसांत निघून जातो. भरायला देताना कारखान्यांच्या आणि लॉजच्या बाटल्या भरून देणाऱ्याकडे जा आणि समोर उभं राहून नायट्रोजनच भरायला लावा. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा भरली तर काटा तसाच हिरव्यात दिसतो, पण आपल्याकडच्या हवेतली ओल आत जाऊन पावडरीचे खडे होतात. जुनी पावडर चाळून परत भरू देऊ नका. नव्या लेबलवर भरल्याची तारीख, पावडरीचा प्रकार आणि एकूण वजन लिहून घ्या, आणि परत त्याच वाण्याच्या काट्यावर ठेवा.