समुद्रात गाडी की शेतात ससा?

थरारपटाची पहिली पाच मिनिटं चुकवणाऱ्या मित्राला मी पॉपकॉर्नच्या रांगेतून ओढून आणतो. का, ते दोन सिनेमांवरून सांगतो.

'तलाश' (२०१२) नावांच्या पाटीपासूनच मुंबईच्या रात्रीत शिरतो. निऑन दिवे, ओले रस्ते, फुटपाथवर गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या बायका आणि वर 'मुस्कानें झूठी हैं'चा सुस्त जॅझ. कुणी धावत नाही, कुणी ओरडत नाही. गाणं तुम्हाला सैलावून टाकतं आणि मग समुद्रालगतच्या मोकळ्या रस्त्यावर एक गाडी अचानक वळते ती थेट पाण्यात. समोर तर कुणीच नव्हतं! वरळीहून उशिरा घरी येताना मला अजूनही कठड्यापलीकडे बघावंसं वाटतं.

'अंधाधुन' (२०१८) उलट आहे. कोबीचं शेत, भरदिवसाचा उजेड, एक ससा आणि त्याच्यामागे बंदूकवाला. कथेशी संबंध काय, हे दिग्दर्शक श्रीराम राघवन तेव्हा सांगतच नाहीत. प्रश्न खिशात ठेवून पुढचा सिनेमा बघायचा. हुशारी आहे, पण डोक्याला भिडणारी.

माझं मत 'तलाश'ला. रहस्य पेरण्यात ससा सरस, मान्य. पण अंगावर काटा यायला आधी जागा ओळखीची वाटावी लागते, आणि मुंबईकराला तो रस्ता पाठ असतो. पुण्याचा मित्र अर्थातच सशाच्या बाजूने भांडतो. त्याच्या गावची गोष्ट ना ती!