बिडाचा पॅन आणि शरदातल्या भाज्या

भोपळा, रताळी, गाजरं, मशरूम यायला लागली की जेवणात बाजूला वाढायला मला मोजक्या जिन्नसांचं काहीतरी हवंच असतं. त्यासाठी बिडाचा जाड पॅन घेतला, आणि आता दुसरं भांडं हातात घ्यावंसं वाटत नाही. बीड तापायला वेळ लावतं, पण तापलं की भाजी टाकल्यावरही पटकन थंड पडत नाही. म्हणून भोपळ्याच्या फोडी मऊ पडण्याआधीच कडेने खरपूस होतात. फोडी एकाच थरात हव्यात. गर्दी झाली की नुसत्या वाफेवर शिजतात. मशरूमला मीठ शेवटी.

रताळ्याला घाई नको. मंद आच, वर झाकण. साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियसच्या टप्प्यात त्यातल्या पिष्टाची साखर होते, आणि हा पॅन त्या टप्प्यातून सावकाश नेतो. काय ती गोडी! वर फक्त मिरपूड.

वजन मात्र जास्त आहे, एका हाताने उचलवत नाही. शिवाय टोमॅटो घालून फार वेळ शिजवलं तर पॅनवरचा तेलाचा थर उतरतो आणि भाजीला लोखंडी चव येते. लिंबू मी ताटात वाढल्यावरच पिळते. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवायची तयारी असेल, तर जरूर घ्या.