वैशाखात गळ कुठं टाकायचा: गावतळं, मलप्रभेचा डोह की हिडकल धरण?

दिवाळीनंतर भर दुपारी काठावर बसूनही मासा लागतो. एप्रिलमध्ये तीच जागा, तीच कणकेची गोळी, आणि संध्याकाळी पिशवी रिकामी. वाटेत विचारणारे असतातच, “काय लागालंय काय?”

दोष गोळीचा नसतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. आणि नेमकं तेव्हाच माशाला श्वासाला जास्त लागतं. म्हणून सावली कुठं आहे यापेक्षा पाणी कुठं हलतंय, हे आधी बघायचं.

गावतळं जवळ, खर्च नाही, चपला घालून निघता येतं. पण पहाटे उठून तळ्यावर जायची सवय उन्हाळ्यात सोडा. शेवाळ आणि पाणवनस्पती रात्रभर प्राणवायू खातात, त्यामुळं उजाडताना तळ्यात तो सगळ्यात कमी असतो. रोहू, मृगळ तोंड वर काढून धापा टाकताना दिसले तर ते भुकेनं वर आलेत असं समजू नका. तिथं दिवस कलल्यावर जा. अपवाद मरळीचा. ती वर येऊन हवाच घेते, त्यामुळं गढूळ, कोमट पाण्यातही तिचं भागतं. वनस्पतींच्या कडेनं प्लास्टिकचा बेडूक ओढत आणला की ती झडप घालते. मात्र लालसर पिल्लांचा थवा दिसला, तर खाली राखणीला मरळ असणार. तिला सोडा. ती गेली की पिल्लं दुसऱ्यांच्या तोंडी जातात.

डोहाचं गणित उलटं. खानापूरच्या बाजूला मलप्रभा उन्हाळ्यात डोहा-डोहात तुटते. दोन डोहांमध्ये खडकांवरून पाण्याची धार चालू असेल, तर ती जिथं डोहात पडते तिथं पहाटेच बसायचं: पाणी रात्रभर निवलेलं आणि धारेनं हवा मिसळलेली. गांडूळ, बारीक गरी, शिसं अगदी हलकं. धार आटली असेल तर तो डोह म्हणजे दुसरं तळंच, तिथं चालत जायचे कष्ट घेऊ नका.

हिडकलचं पाणी उतरून धरणात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर आलं की काठ बराच आत सरकलेला असतो. उथळात चिखल, मासा खोलात. लांब फेकणारी काठी नसेल तर दिवस फुकट. आहे त्यानं मे महिन्यात दुपारनंतर, पश्चिमेचा वारा सुटल्यावर, लाटा ज्या काठावर आपटतात तिथं बसावं. तिथं पाणी ढवळलं जातं, खाद्यही तिकडंच लोटतं. कटल्याला शेंगपेंड, पण वरच्या थरात. त्याचं तोंडच वर वळलेलं. मासेमारीचा ठेका कुणाचा आहे ते आधी विचारा, नाहीतर वाद अटळ.

दोनच तास हाताशी असतील तर मी तळ्यावरची संध्याकाळ धरीन, तीही मरळीसाठी. रविवार मोकळा असेल आणि धार चालू असल्याची खबर असेल तर डोह. हिडकलला मी वर्षातून एकदा जातो, खरं तर मंदिर बघायलाच.

सोडायचा मासा या दिवसांत पाण्याबाहेर धरून फोटोसाठी थांबू नका. झुंजून दमलेला मासा कोमट पाण्यात सावरत नाही. आणि वळीव कोसळला तर दुसऱ्या दिवशी गांडूळ घेऊन नदीवर निघा. तळ्यावर नको, तिथं तळचा गाळ ढवळून वर आलेला असतो.