वडोदऱ्यात परदेशी माणसानं काय सुरू करावं: बेकरी की भाषेचा वर्ग?

आधी कागदपत्रं. पर्यटक व्हिसावर धंदा करता येत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन संचालक लागतात आणि त्यातला एक तरी आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहणारा हवा. हे दोन्हीकडे सारखंच.

बेकरीत भांडवल जास्त अडकतं, शिवाय अन्नसुरक्षेची नोंदणी आलीच. खरी परीक्षा मे महिन्यात. पारा चाळिशीपार गेला की पीठ घाईनं फुगतं, आंबूस होतं आणि पाव ओव्हनमध्ये बसतो. मळून झालेलं पीठ 26 अंशांच्या आत हवं. किलोभर मैद्याला 650 ग्रॅम पाणी लागत असेल, तर त्यातलं 150 ग्रॅम बर्फाचा चुरा म्हणून घाला. यीस्टही कमी करा. बिनअंड्याचे प्रकार हवेतच, इथल्या कितीतरी घरांत अंडं चालत नाही.

ओव्हनवर हात बसलेला नसेल तर वर्गच बरा. फतेहगंजात, सयाजीराव विद्यापीठाच्या आसपास, एक खोली, फळा आणि दहा खुर्च्या पुरतात. त्याहून मोठी तुकडी घेतली की एकेकाच्या उच्चारांकडे लक्ष राहत नाही. फी आगाऊ घ्या. आणि नवरात्रात संध्याकाळचा वर्ग ठेवूच नका. सगळे गरब्याला जातात. तेवढे दिवस सकाळी सातला शिकवा.